पडद्याच्या पुढची जागा

ती घटना विसरावी असं मला पुष्कळदा वाटतं, पण आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तेरवीच्या जेवणात सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. ते सगळं नोकरीबरोबर मागे पडलं. हे एक प्रकरण मात्र घरापर्यंत आलं. त्यात कोणी गुन्हेगार निघाला असता तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून आहेत.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगावकडच्या पट्ट्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरी माझ्यासमोर होती, आणि ठाण्याचा फोन वाजला. बोलणारा माणूस नाव सांगेना. त्याचं म्हणणं एवढंच, की गावातला म्हातारा लाइनमन विमानात मेला ते मरण साधं नाही. मुलानं त्याच्या गोळ्या बंद केल्या आणि मग त्याला विमानात बसवलं. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आवाज दाबून बोलणाऱ्याला वाटतं आपण ओळखू येत नाही. तो म्हाताऱ्याचा जावई होता, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

म्हातारा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होता. तीस-पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. पावसाळ्यात लाइन गेली की लोक कार्यालयात जात नसत, त्याच्या घरी जात. निवृत्त झाला, बायको गेली, हृदय कमजोर झालं. पायांना सूज यायची. मुलगी यवतमाळला दिलेली होती. ती रोज सकाळी फोन करून विचारायची, गोळ्या घेतल्या का. मुलगा परदेशात नोकरीला. तो बापाला कायमचं घेऊन जायला आला होता. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढे, असा प्रवास होता. नागपूर-दिल्ली विमानातच म्हाताऱ्याला दम लागला. विमान उतरल्यावर लोक उठले, हा उठला नाही. रुग्णालयात नेलं, तासाभरात गेला. दिल्लीत अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं आणि ज्या मुलानं नेलं होतं तोच बापाला परत गावात घेऊन आला.

फोननंतर मी मुलीला बोलावून घेतलं. सोबत आमच्या ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षक होत्या. मुलगी रडली नाही. तिचा जबाब सरळ होता. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की छातीत पाणी भरलं होतं आणि पाणी काढणारी गोळी अंगात गेलेली दिसत नाही. ती गोळी, आपल्याकडे जिला लघवीची गोळी म्हणतात, बापानं इतकी वर्षं एकदाही चुकवली नव्हती. भाऊ आला त्या दिवसापासून गोळ्या देण्याचं काम भावानं घेतलं होतं. घर विकायचं, बापाला न्यायचं, सगळं त्यानंच ठरवलं. शेवटी ती म्हणाली, "साहेब, माह्या भावानं असं केलं नसन तं मी त्याच्या पाया पडतो. पण मले समजलं पाहिजे."

तिचे हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. तक्रार करणारी माणसं बहुतेक वेळा निकाल घेऊनच ठाण्यात येतात. हिला खरोखर काय झालं ते हवं होतं. भाऊ हा तिचा एकुलता एक भाऊ होता, आणि तो खुनी निघतो की नाही यावर तिचं माहेर उरणार होतं.

मुलाची चौकशी मी स्वतः केली. पहिल्या दिवशी तो चिडला. दुसऱ्या दिवशी गप्प झाला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून वदवून घेतलं, कारण खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळीही तेच वाक्य तसंच म्हणतो. हा अडखळत होता, मागचं पुढे करत होता, मध्येच काहीतरी नवीन आठवत होतं. गोळ्या मी रोज बाबाच्या हातावर देत होतो, पाण्याचा गिलास मीच देत होतो, यावरून मात्र तो हलला नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटंही घरात मिळाली, जेवढी हवी तेवढी. म्हणजे गोळ्या निघाल्या होत्या, पण पोटात गेल्या नव्हत्या. मुलानं त्या काढून फेकल्या असं म्हणायला पूर्ण जागा होती.

मी त्याला विचारलं, दोघं एका विमानात, मग बाप पुढे आणि तू मागे, असं का? त्यानं मान खाली घातली. बापाचे पाय सुजायचे म्हणून त्यानं बापासाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं होतं. तिथं खुर्ची मोठी असते, पाय लांब करता येतात. स्वतःसाठी मागचं साधं तिकीट. दोन्ही तिकिटं तशी काढणं त्याला झेपत नव्हतं. नागपूरचं विमानतळ लहानच, तिथून दिल्लीला जाणाऱ्या त्या विमानात पुढच्या जागा मोजक्याच. महागड्या तिकिटाची माणसं बसायची खोली वेगळी, त्यामुळे बाप काचेच्या आत आणि पोरगा बाहेर. विमानात शिरल्यावर मागच्या लोकांना पुढच्या जागांमधूनच जावं लागतं. तेव्हा यानं बापाचा फोटो काढला. तो मला दाखवला. म्हातारा पाय लांब करून बसला आहे, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही हात मांडीवर. फोटो काढताना बाप त्याला म्हणाला होता, "जाय तू मागं. मी ठीक हावो." मग पुढच्या आणि मागच्या जागांमधला पडदा ओढला गेला.

त्या फोटोकडे पाहून मला काहीच ठरवता येईना. बापाला मारायला निघालेला माणूस त्याला एवढी ऐसपैस खुर्ची घेऊन देईल का? पण जगाला दाखवायला लोक काय काय करतात, हेही मी पाहिलेलं होतं. म्हणून मी विमानतळावरचं कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं आणि म्हाताऱ्याच्या फोनचे तपशीलही.

चित्रण आम्ही ठाण्यातच पाहिलं. मी चित्रणातल्या पोरावर नजर ठेवून बसलो होतो, की तो काही देतो का, काही लपवतो का. तो काचेबाहेर उभा राहून आत पाहत होता, दुसरं काही नाही. उपनिरीक्षक बाई मात्र म्हाताऱ्याकडे पाहत होत्या. काचेच्या खोलीत काम करणाऱ्या मुलीनं पाण्याचा गिलास आणला, म्हाताऱ्यानं हात आडवा केला. सरबत आणलं, हात आडवा. तिनं न विचारता गिलास ठेवला, तर यानं तो हळूच लांब सरकवला. मी म्हटलं, तहान नसेल. बाई म्हणाल्या, "तहान हाय सर. ओठ पाहा ना, जीभ फिरवून राह्यला. हा माणूस पाणी टाळून राह्यला. आम्ही बंदोबस्ताले असंच करतो. दिवसभर रस्त्यावर उभं राहाचं, बाथरूमची सोय नाही, मंग सकाळपासूनच पाणी पित नाही."

खरं सांगतो, मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. कितीतरी बंदोबस्त मी लावले होते, पण कोण पाणी पितं आणि कोण नाही हे कधी पाहिलं नव्हतं. ते राहू द्या. आता प्रश्न असा होता, की पाणी टाळणाऱ्या माणसानं लघवीची गोळी तरी घेतली असेल का?

चित्रणात म्हातारा फोनवर बोलतानाही दिसत होता. तपशिलात तो नंबर निघाला. तो त्याच्या जुन्या दोस्ताचा होता, एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरचा. दोघं रोज संध्याकाळी पानठेल्यावर सोबत बसायचे. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी हा दोस्त गाव सोडून वणीला मुलीकडे गेला होता. गावात कोणालाही न सांगता गेलेला माणूस म्हटल्यावर आम्ही लगेच वणी गाठली.

कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून घर होतं. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरही काळी धूळ बसलेली. दोस्त आम्हाला पाहून उठला, टोपी घातली आणि चला म्हणाला. त्याला वाटलं आम्ही त्याला अटक करायला आलो. मी म्हटलं, बसा, आधी पाणी पिऊ. तो बसला आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. मध्ये मी एकही प्रश्न विचारला नाही.

"साहेब, मीच सांगितलं त्याले. मले बी तेच औषध होतं नोकरीच्या शेवटी. लांबची गाडी असली का मी ती गोळी घेत नव्हतो. एक दिवसानं काही होत नाही, असं मीच बोललो. पण तो एक दिवसावर थांबला नाही. पोरगा आला त्याच दिवसापासून त्यानं बंद केली. म्हणे, सवय करून पाहतो. पोरानं हातावर ठेवली का बाकीच्या गिळे, ती एक गालात धरून ठेवे. मंग आंगणातल्या कुंडीत थुंके. मी म्हटलं, अरे असं नको करू. तं म्हणे, पोरानं मोठ्या लोकाइच्या रांगेत बसवलं, तिथं मी दर घडीले उठून जाऊ? आन् पॅन्ट ओली झाली तं? पोराची इज्जत जाईन."

मग विमानतळावरून आलेल्या फोनचं त्यानं सांगितलं. छाती भरून येतेय, असं म्हातारा त्याला म्हणाला होता. हा म्हणाला, काचेबाहेर पोरगा उभा आहे ना, त्याला सांग. तर म्हातारा म्हणाला, सांगितलं तर तो इथूनच परत नेईल, त्याची सगळी मेहनत वाया जाईल. दोस्तानं मुलाला फोन करतो म्हटल्यावर त्यानं गळ्याची शपथ घातली. एवढं सांगून तो एसटीचा माणूस लहान मुलासारखा रडला. मी पाठीवर हात ठेवला, त्यापलीकडे पोलिसाला करता येण्यासारखं तिथं काही नव्हतं.

परत येऊन पंचांसमक्ष अंगणातली कुंडी पाहिली. सदाफुलीचं झाड होतं. मातीच्या वरच्या थरात अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. पंचनामा केला, मुद्देमाल सीलबंद करून तपासणीला पाठवला. अहवाल आला, तीच गोळी होती. यवतमाळच्या ज्या डॉक्टरांकडे म्हातारा जायचा त्यांचाही जबाब घेतला. ही गोळी इतके दिवस थांबली तर अशा हृदयाच्या माणसाच्या छातीत पाणी चढणारच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घातपात नाही, असा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठवला.

कायद्याचं काम तिथं संपलं. पण भावाबहिणीला सांगायचं बाकी होतं. मुलीला हवं ते उत्तर मिळालं होतं, तिचा भाऊ सुटला होता. आणि ज्या गोष्टीनं तो सुटत होता, तीच त्याला ऐकवायची होती. त्यानं प्रेमानं घेतलेल्या खुर्चीपायी बाप गेला. त्याला अर्धंच सांगावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण बहीण पूर्ण ऐकल्याशिवाय उठणार नव्हती, आणि वणीचा म्हातारा स्वतः सांगतो म्हणून आमच्या जीपमधून आला होता.

तो बोलत असताना मुलगा टेबलाच्या कडेवर नख ओढत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं हात टेबलावरून काढला. मग कोणाकडेही न पाहता म्हणाला, "मी बाबाच्या बाजूले बसलो असतो तं त्यानं मले सांगितलं असतं."

बहीण म्हणाली, "नसतं सांगितलं रे. तुलेच तं कळू द्याचं नव्हतं त्याले."

ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं, तेव्हा तो रडला. जावई दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. मीही बाहेर आलो आणि शिपायाला सांगितलं, आत कोणी जाऊ नका. बाहेर एक माणूस मोटारसायकल चोरीची तक्रार घेऊन बसला होता. त्याची तक्रार मी स्वतःच लिहून घेतली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

मुलगा नंतर एकटाच परत गेला. घर विकलं नाही. बहीण अधूनमधून येऊन झाडून जाते, असं ऐकतो. वणीहून तो ड्रायव्हर मात्र गावात परतला नाही.

पोलिसाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, की माणूस लपवतो ते पैशासाठी, बाईसाठी किंवा भीतीपोटी. ते खोटं नाही. पण माणसं सगळ्यात जास्त लपवतात ते लाजेपोटी, आणि तेही परक्यांपासून नाही, आपल्याच लेकरांपासून. खांबाच्या टोकाला उघड्या तारांमध्ये हात घालणारा तो माणूस मरणाला भ्याला नाही. चार लोकांत आपल्या मुलाला खाली पाहावं लागेल, याला भ्याला. म्हातारपणात असा संकोच जीव घेतो, हे कुठल्याही तपासाच्या पुस्तकात मला कधी सापडलं नाही. आपण म्हाताऱ्यांना विचारतो, जेवलात का, औषध घेतलं का, पाणी हवं का. जे विचारायला हवं ते विचारायची आपल्यालाच लाज वाटते.

आता मी निवृत्त आहे. माझ्याकडे कोणी वयस्क माणूस आला, तर त्याला बसवण्याआधी, पाणी देण्याआधी मी म्हणतो, या, आधी बाथरूम कुठे आहे ते दाखवतो. बायको वैतागते. पाहुणे एकमेकांकडे बघून हसतात. काही म्हातारे मात्र हसत नाहीत. ते मुकाट्यानं माझ्या मागे येतात, आणि परत येऊन बसले की पोटभर पाणी पितात.