राखून ठेवलेली जागा

मैत्रीतून प्रेम उमलतं त्या कादंबऱ्यांची मला किळस येते. किळसच, दुसरा शब्द नाही. नायक तिचा जिवाभावाचा मित्र असतो. ती नाही म्हणते. तो हसतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या वाटेवर उभा राहतो. अर्ध्याहून जास्त पुस्तक ती नाही म्हणत राहते आणि शेवटी त्याच्याच छातीवर डोकं ठेवून रडते. म्हणे प्रेम! पोरीला दमवायचं आणि ती दमली की हो म्हणाली असं समजायचं.

एके काळी मीही या कादंबऱ्या चवीनं वाचायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिनोलीहून घोडेगावला वडापच्या जीपनं कॉलेजला जायचे. नारायणगावच्या बाजारातून जुनी पुस्तकं यायची. आमच्या आळीतला एक मुलगा आणि मी ती आलटूनपालटून वाचायचो. शाळेपासूनचा मित्र तो. त्याच्याइतकं मोकळं मी कुणाशीच बोलत नव्हते. त्या नायकांची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो. निदान मी तरी करायचे. तो त्यांच्याकडून शिकतोय, हे मला काय ठाऊक!

एका दुपारी घोडेगावच्या स्टँडवर त्यानं मला विचारलं. मी सरळ सांगितलं, माझ्या मनात तसलं काही नाही, आपण मित्र आहोत तेच बरं. त्याचं तोंड उतरेल असं वाटलं होतं. तो हसला. म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्याच नाय म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी राहायला लागली. ओळखीच्या माणसासाठी पिशवी टाकून जागा धरायची आमच्याकडं रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण आता ड्रायव्हरच लोकांना सरकवायचा, ती जागा ठेवलीय म्हणायचा. भाजीवाल्या बाया गालात हसायच्या. कुणी तर त्याला धीर द्यायचं, येईल वळणावर म्हणून. माणसं एकमेकांच्या अंगावर बसतील, पण ती जागा मोकळी. गाडी वळली की त्याची मांडी मला चिकटायची. शी! घरी येऊन मी न्हाणीत पाय घासत बसायचे.

घरी सांगायची सोय नव्हती. बोभाटा झाला की कॉलेज बंद आणि दारात स्थळं, हे ठरलेलं. मला बी.ए. पुरं करायचं होतं.

शेवटी एका सकाळी मी त्या जागेकडं पाहिलं आणि सरळ मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, शिडीला धरून, लटकणाऱ्या बाप्यांच्या मध्ये. आमच्याकडं पोरी तिथं उभ्या राहत नाहीत. घोडेगाव येईपर्यंत मी तशीच उभी होते. संध्याकाळपर्यंत सगळी शिनोली बोलत होती.

आईनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वडिलांनी निकाल दिला, उद्यापासून घरी बस.

सकाळी पाहते तर आई माझ्याआधी तयार. वडिलांना म्हणाली, मी जाते तिच्यासंगं, कॉलेज बंद व्हायचं नाही. शिनोलीच्या स्टँडवर तिनं मला जीपमध्ये पुढं बायांच्यात बसवलं आणि स्वतः जाऊन त्या राखलेल्या जागेवर बसली. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. तिनं लक्षच दिलं नाही. त्या मुलाकडं वळून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजी पोरगी नाय म्हनली व्हती. तवा तुला ऐकू आलं नाय. आता माज्या तोंडून ऐक. नाय."

तो खाली मान घालून बसला. कांद्याची खुरपणी सोडून आई आठवडाभर तिथं बसून घोडेगावला येत राहिली. मग तो एसटीनं जायला लागला. त्या जागेवर एक भाजीवाली मेथीची पाटी मांडीवर घेऊन बसली आणि ड्रायव्हरनं तिला उठवलं नाही.