डाव्या कडेचा लाल दोरा

माझे वडील वैद्यकीय कॉलेजात मेंदू कापतात. असं सांगितलं की लोक खुर्ची जरा मागे घेतात. शिकवतात प्राध्यापक, पण औषधी पाण्यात मुरून घट्ट झालेला मेंदू लांब सुरीने एकसारखा कापायचा तो अण्णांनी. विद्यार्थी त्यांना चकतीमामा म्हणतात. कडेची करडी पट्टी, आतला पांढरा भाग, मधल्या पोकळ्या असं सगळं नीट दिसेल अशी एकेक चकती ते ट्रेमध्ये मांडतात आणि तिच्या डाव्या कडेला लाल दोऱ्याचा टाका घालतात. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला मेंदूचीही डावी बाजू, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम.

घरी आले की तोंडाला कुलूप. बोलायचं खातं आईकडे. ती बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना उत्तरं देऊन आली तरी तिच्या तोंडाचा पट्टा चालूच. अण्णा नुसतं 'हूं' म्हणायचे, तेही दोनदा विचारलं तर.

त्या मंगळवारी दुपारी आई खिडकीतच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात घशात नळी घातली, झोपेचं औषध दिलं. आता तिचा कुठला हात हलतो, तिला बोलता येईल का, काहीच कळायला मार्ग नव्हता. बाहेर अण्णांच्या येरझाऱ्या सुरू. बाक, पाण्याचं पिंप, जिना, परत बाक.

"अण्णा, बसा हो जरा. मला गरगरतंय."

ते बसले आणि लगेच उठले.

संध्याकाळी नर्सने स्कॅनची फिल्म हातात दिली. अण्णांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे पाय थांबले. "चकत्याच आहेत की," ते म्हणाले. "ही कड. या पोकळ्या. आणि हा पांढरा डाग दिसतोय ना, ते रक्त." डाग उजवीकडे होता. "बोलण्याची जागा डावीकडे असते. ती शाबूत आहे. तुझी आई बोलणार."

मला तेवढंच हवं होतं. मी मावशीला फोन केला, मग आईच्या साहेबांना. साहेब म्हणाले, "मग खिडकी त्यांचीच. सावकाश येऊ देत."

तिसऱ्या दिवशी नळी काढायची होती. अण्णा सकाळपासून शर्टाचं एकच बटण लावत आणि काढत होते. आईची डॉक्टर एकेकाळी त्यांच्याच ट्रेवर शिकलेली. अण्णांनी तिला सांगितलं, "रक्त उजवीकडे आहे, म्हणजे वाचा जाणार नाही."

"उजवीकडे? कोणी सांगितलं, मामा?"

"मीच बघितलं ना फिल्मवर."

तिने फिल्म मागितली, कोपऱ्यातल्या बाजू दाखवणाऱ्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, स्कॅन पायाकडून बघतात, म्हणून पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. तुम्ही ट्रे मांडता त्याच्या बरोबर उलट. रक्त डावीकडे आहे."

अण्णांचा चष्मा तीन दिवस घरी फ्रिजवर पडला होता.

"फिल्मवर दोरा नव्हता," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

मला राग आवरला नाही. "नक्की माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. एरवी बसताच ना." बोलले आणि जीभ चावली, पण ते ऐकून चुकले होते.

दुपारी नळी निघाली. आईने डोळे उघडले, ओठ हलवले. आवाज आला, शब्द आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, मग पुन्हा एकदा. उजवा हात चादरीवर तसाच पडून होता. ती घाबरली होती, आणि मीही.

अण्णा पलंगाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेले. तिचा चांगला हात त्यांनी हातात घेतला.

"अगं, मी चुकलो," ते म्हणाले. मग सांगतच सुटले. फिल्म, फ्रिजवरचा चष्मा, डॉक्टर काय म्हणाली, साहेबांनी खिडकी राखून ठेवलीय, पोरगी कशी चिडली. पुढचं आधी, आधीचं नंतर, एकच गोष्ट तीनदा. इतकं बोलताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते दम खायला थांबले की तिची बोटं त्यांचा हात दाबायची, आणि ते पुन्हा सुरू व्हायचे.