दुसऱ्या मजल्यावरचं काचेचं दार

माझ्या मावशीला तिच्या ऑफिसात सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, आणि ते तिला माहीत होतं. शहराच्या बांधकाम परवानगी खात्यात ती अठ्ठावीस वर्षं नकाशे तपासत होती. एकाच इमारतीत खाली ऑफिसं आणि वर घरं असतील तर कोणी कुठून आत यायचं, ऑफिसची पाटी किती उंच लावायची, खिडकी रस्त्यापासून किती मागे घ्यायची, सगळं तिला तोंडपाठ. कोणाकडे गेलो तरी ती आधी जिन्याची रुंदी बघायची, मग चहाला हात लावायची. लहानपणी मला तिच्याबरोबर कुठे जायची लाज वाटे.

नकाशा तपासायची तिची स्वतःची एक पद्धत होती. घरांचा भाग ती पिवळा रंगवायची, ऑफिसांचा निळा, आणि जिने, बोळ असा सगळ्यांच्या वापराचा भाग कोरा ठेवायची. मग सगळ्यात आतल्या खोलीतल्या पलंगावर बोट टेकवायची आणि चालायला लागायची. खोलीचं दार, बाहेरचं दार, जिना, रस्ता. प्रत्येक घरातून दोनदा, एकदा पुढच्या जिन्याने, एकदा मागच्या. बोट न उचलता, दुसऱ्याच्या जागेत न शिरता रस्त्यावर पोचली तर सही, नाहीतर नकाशा परत. एका बिल्डरने वैतागून विचारलं होतं, "मॅडम, तुमचं बोट दमत नाही का हो?"

"माझं दमलं तर चालेल," मावशी म्हणाली होती. "जिन्यात धूर भरला की वरच्या म्हातारीला दमायला वेळ नसतो."

आम्ही नवीन घर भाड्याने घेतलं ते असल्याच एका इमारतीत. आम्ही चौथ्या मजल्यावर, मी, नवरा आणि गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई. नवऱ्याचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. जेवायला तो घरी यायचा, त्यामुळे मी खूश होते. मावशी घर बघायला आली एका संध्याकाळी, सातच्या सुमारास. सासूबाईंनी तिला बसवलं, चहा ठेवायला सांगितला.

"विहीणबाई, घर आवडलं का?"

"घर छान आहे. मी जरा मागचा जिना बघून येते."

"झालं! फूटपट्टी निघाली," मी म्हटलं. सासूबाई हसल्या.

चहा निवला तरी ती परत येईना. वीस मिनिटं झाली तेव्हा मी मागच्या दाराने खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर मावशी शेवटच्या पायरीवर बसली होती. समोर काचेचं दार, दाराला कुलूप. आत अंधारात खुर्च्या ओळीने मांडलेल्या दिसत होत्या.

"इथून पुढे जिना कुठे गेला?" मी विचारलं.

"आतल्या बोळाच्या त्या टोकाला. हा जिना दुसऱ्या मजल्यावर तुटतो. बोळ ओलांडायचा आणि पलीकडून खाली उतरायचं." तिचा आवाज मला ओळखूच येईना. "बोळ कोरा होता गं. आधी हा घरांचाच मजला होता. सहा वर्षांपूर्वी याचं ऑफिस करायचा अर्ज आला. मी मजला निळा केला. बोळासकट."

"मग?"

"अर्ज ऑफिसचा होता, म्हणून मी ऑफिसातल्या टेबलावरून रस्त्यापर्यंत बोट चालवलं. संडास मोजले, पाटी मोजली, खिडक्यांच्या ओळी जुळवल्या. वरच्या घरांतून पुन्हा चालायला हवं होतं. नाही चालले." तिने काचेवर तळहात टेकवला. "हे कुलूप माझ्या सहीने लागलंय."

पण खरी भीती मला तेव्हा अजून कळलीच नव्हती. ती मावशीच्या पुढच्या प्रश्नाने कळली.

"विजेचे मीटर कुठे आहेत?"

मीटर पुढच्या जिन्याखाली होते. सगळ्या इमारतीचे, एकावर एक, लाकडी फळीवर. मी रोज त्यांच्या शेजारून भाजी घेऊन वर येत होते. उन्हाळ्यात त्यांतून गुणगुण ऐकू यायची आणि मला वाटायचं, असेल काहीतरी.

"सासूबाईंना पुढच्या जिन्याने उतरायला किती वेळ लागतो?"

त्यांना दर मजल्याला बसावं लागतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी मावशीला फोन करून म्हटलं, "ऑफिसवाल्यांकडून एक चावी मागून घेते. आमचं आम्ही बघू. तू कुठे बोलू नकोस. तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस? आणि इमारतीला सील लागलं तर आम्ही कुठे जायचं?"

"चावी तुझ्याकडे राहणार?"

"हो."

"तू बाहेर गेलीस तर?"

"सासूबाईंना देईन."

"आणि पाचव्या मजल्यावरच्यांना?"

मी चिडले. म्हटलं, जगाचा भार तूच एकटीने वाहतेस का? तिने फोन ठेवला. ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती, तेव्हाही ओरडली नाही.

त्याच दिवशी तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्याविरुद्ध अर्ज लिहिला आणि साहेबांपुढे ठेवला. पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगते. साहेबांनी अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि कपाटातून नोंदवही काढली.

"मॅडम, मधल्या मजल्याचं ऑफिस करायचा तो आपल्या खात्यातला पहिला अर्ज. तुम्ही पास केलात, त्यानंतर रांगच लागली. तुम्हाला माहीत आहे ना?"

"रांग माहीत आहे. पण ते नकाशे दुसऱ्या टेबलावर गेले."

"गेले. आणि त्यांनी तुमची फाईल समोर ठेवून पास केले. फूटपट्टीने मोजलेलं पुन्हा कोण मोजतं?" त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. एकेचाळीस नोंदी होत्या, आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा, 'यापूर्वीच्या मंजुरीप्रमाणे'. "मागचा जिना कुठे तुटतो आणि कुठे नाही, मलाही सांगता येणार नाही. सगळ्या जागेवर जाऊन बघाव्या लागतील."

मावशी म्हणाली की तिला त्या क्षणी आपला हात कापून टाकावासा वाटला.

आमच्या इमारतीतलं काचेचं दार आठ दिवसांत निघालं. ऑफिसवाल्यांनी कुरकुर केली, पण बोळ मोकळा झाला. सासूबाईंना मी एकदा मागच्या जिन्याने रस्त्यापर्यंत नेलं. सहा मिनिटं लागली, आणि खाली पोचल्यावर मी रडले. मावशीला मात्र चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. बाकीच्या इमारतींना नोटिसा निघतील, मग पाहणी होईल, मग मुदत मिळेल. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

मावशी थांबणारी नव्हती. वहीतले पत्ते तिने उतरवून घेतले होते. ऑफिसं बंद व्हायची वेळ झाली की ती निघते, एका इमारतीत शिरते, मागच्या जिन्याने वर जाते आणि उतरत येते, वाट अडेपर्यंत. अडली की पुन्हा वर जाऊन एकेका घराची घंटी वाजवते. आता मीही तिच्याबरोबर जाते. तिने बोलावलं नाही. मीच एके दिवशी चप्पल घालून तिच्या दारात उभी राहिले.

परवा एका चौथ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. हाताला पीठ होतं.

"मागचा जिना?" त्या म्हणाल्या. "आम्ही तिकडे जातच नाही. जुन्या गाद्या ठेवल्यात तिथे. तुम्ही कोण?"

"तो जिना खाली बंद आहे," मावशी म्हणाली. "संध्याकाळी कुलूप लागतं. ती परवानगी ज्या फाईलवरून दिली ती माझी आहे. गाद्या काढा, आणि खालच्या ऑफिसकडे सगळे मिळून जा. उद्याच जा."

बाईंनी आधी मावशीकडे, मग माझ्याकडे बघितलं. डोकं फिरलेल्या माणसाबरोबर आलेल्या नातेवाइकाकडे बघतात, तसं. "बघू," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही खाली आलो. तोपर्यंत सत्तावीस इमारती बघून झाल्या होत्या. त्यांतल्या अकरा अडलेल्या, आणि दारं निघाली फक्त दोन ठिकाणी. मी मनात म्हटलं, निदान उरलेल्या चौदांमध्ये जिने सरळ असू देत. माझं धाबं दणाणलेलं असतं हल्ली, दिवसाढवळ्यासुद्धा. वर दिवे लागलेले दिसले की मी मजले मोजते आणि मधला अंधारा मजला शोधते.

चौकात आलो आणि अग्निशमन दलाची घंटा ऐकू आली. रहदारी बाजूला झाली. लाल गाडी समोरून गेली, पाठोपाठ दुसरी. लोक क्षणभर थांबले आणि परत चालू लागले. मावशी जागची हलली नाही. तिने माझं मनगट धरलं होतं आणि गाडी कुठे वळते ते ती बघत होती. गाडी पुलाच्या अलीकडून डावीकडे वळली. आवाज लांब गेला, पण थांबला नाही.

"चल मावशी," मी म्हटलं. "काही नसेल. कुठेतरी कचरा पेटला असेल."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"त्या बाजूला माझ्या तीन आहेत," ती म्हणाली.