धारगळला न वाजलेला सायरन

सोमवार, सकाळी दहा. जागा: डिचोलीतल्या आमच्या ऑफिसची मीटिंग रूम. हजर: आमच्या कंपनीचे मालक प्रभू सर, हार्डवेअर बघणारा सिद्धेश, सॉफ्टवेअर बघणारी मी, धारगळच्या कोल्ड स्टोरेजचे मालक बाबलशेट, आणि त्यांचे ऑपरेटर मारुती, गडहिंग्लजकडचे. खुर्ची रिकामी असूनही मारुती उभेच होते.

टेबलावर आमचा बॉक्स होता. कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बंद पडला की बॉक्सनं सायरन वाजवायचा आणि लाल दिवा लावायचा. ऑपरेटरनं बटण दाबलं की सायरन थांबतो, दिवा हिरवा होतो. शुक्रवारी दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडला. संध्याकाळी हॉटेलची गाडी आली, दार उघडलं, तर आत पाणी ठिबकत होतं आणि कोळंबी मऊ पडलेली. हॉटेलवाल्यानं माल घेतला नाही. बॉक्सवरचा दिवा मात्र हिरवा होता.

“दिवो हिरवो म्हणजे बटण दाबलेलां. बटण दाबपी हो एकटोच,” बाबलशेट म्हणाले. “जेवलो, झोपलो, सायरन वाजलो, दाबलो, परत झोपलो. दुपारचो कोण जागो रावता, म्याडम? हांव सुद्दां रावना.”

“शेट, तुमी झोपतासा म्हणून समदी झोपत्यात व्हय?” मारुती म्हणाले. “आमच्याकडं दुपारचं निजायची रीत न्हाई. मी मागं पंप लावून क्रेट धूत हुतो. कॉम्प्रेसरचा आवाज तितं येत न्हाई, सायरनचा येतो. त्यो वाजलाच न्हाई.”

शनिवारी गाडीवाले आणि हमाल यांच्या देखत बाबलशेटनी त्यांना झोपाळू म्हटलं होतं आणि महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं होतं. बॉक्स तपासा, हा आग्रह मारुतींचाच होता.

दोघं गेल्यावर प्रभू सर म्हणाले, “क्लायंटच म्हणतोय माणसाची चूक. आपण कशाला खाजवायचं?”

“हिरव्या दिव्याचे दोन अर्थ होतात, सर. बटण दाबलं, किंवा दिवा लाल झालाच नाही.”

“आजवर असली एक तरी तक्रार आलीय?”

“जी सूचना पोचलीच नाही, तिची तक्रार कोण करणार?”

सर बॉक्स माझ्याकडे सरकवून उठले. मी त्याला होकार धरलं.

इथं थोडं समजावून सांगते. बॉक्समध्ये आम्हीच लिहिलेला छोटा कर्नल आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठलं काम कधी चालवायचं, कधी थांबवून ठेवायचं, हे तो ठरवतो. सायरनचं काम एरवी थांबलेलं असतं; मधूनमधून दिवा-सायरन ठीक आहेत का बघायला उठतं आणि परत थांबतं. कॉम्प्रेसर बंद पडताना एकदाच सिग्नल देतो, आणि कर्नल त्या कामाला उठवतो.

थांबण्याआधी ते काम एकदा बघतं: सिग्नल आलाय का? नाही. मग थांबतं. या दोन पायऱ्यांमध्ये एक बारीक फट आहे. सिग्नल नेमका त्या फटीत आला, तर कर्नल उठवायला जातो, पण काम अजून थांबलेलंच नसतं. उठवायला कोणी नाही, म्हणून कर्नल ती हाक सोडून देतो. मग काम थांबतं आणि येऊन गेलेल्या सिग्नलची वाट बघत राहतं.

आमच्या पेडण्याच्या घरी हेच पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, बाबतीत होतं. मी गेटवर बघते, पाववाला दिसत नाही. आत येऊन कान देऊन बसते. पण मी बसेपर्यंतच्या वेळात, नळाच्या आवाजात, तो भोंगा वाजवून गेलेला असतो. म्हणून लोक गेटला पिशवी अडकवतात. भोंगा चुकला तरी पाव पिशवीत पडलेला असतो. आमच्या कर्नलला पिशवीच नव्हती.

पण हे झालं माझं म्हणणं. हरवलेली हाक मागे खूण ठेवत नाही, तर ती हरवली हे दाखवायचं कसं? मी दोन काउंटर घातले. पहिला सिग्नल आत शिरताक्षणी वाढणार. दुसरा सायरनच्या कामानं तो सिग्नल हाताळल्यावर. दोन्ही सारखे राहिले तर मारुती खोटे, पहिला पुढे गेला तर बॉक्स.

सिद्धेशनं कॉम्प्रेसरच्या जागी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडून सिग्नल द्यायला सुरुवात केली. गुरुवारपर्यंत दोन्ही आकडे तंतोतंत सारखे.

“झालं समाधान?” प्रभू सर.

झालं नव्हतं. सिद्धेशचा रिले घड्याळासारखा टकटकत होता. प्रत्येक सिग्नल यायचा तेव्हा काम आरामात थांबलेलं असायचं. फटीत काही पडतच नव्हतं. मी बघणं आणि थांबणं यांच्यामध्ये मुद्दाम थोडा विलंब घातला. फट रुंद झाली आणि पहिला काउंटर लगेच पुढे गेला.

सर उसळले. “फटीत पाचर तू मारणार आणि दार वाकडं आहे म्हणणार? हा पुरावा नाही.”

त्यांचं बरोबर होतं. मी विलंब काढून टाकला. सिद्धेशला म्हटलं, “रिले शिस्तीत नको. पोदेरासारखा, मनाला येईल तेव्हा.”

“पोदेर वेळेवर येतो, मॅडम. आमचा तरी,” तो म्हणाला, पण वेळा विस्कटून दिल्या. शनिवार-रविवार चाचणी चालू ठेवली.

सोमवारी सर स्वतः बघायला आले. पहिला काउंटर दुसऱ्यापेक्षा एकानं पुढे होता.

“एकच?”

“शेटचाही एकच होता, सर.”

 सरांनी केबिनमध्ये जाऊन बाबलशेटना स्वतः फोन केला.

दुरुस्ती लहान होती. आता काम थांबलेलं नसलं तरी हाक नोंदवून ठेवली जाते, आणि कर्नल ती नोंद बघितल्याशिवाय कामाला थांबू देत नाही. शिवाय बॉक्स ते दोन काउंटर स्वतःच ताडून बघतो. फरक दिसला तर सायरन वाजवतो.

त्या शुक्रवारी नेमकं हेच झालं, हे मी आजही सांगू शकत नाही. बॉक्सकडून असं होऊ शकतं, एवढंच दाखवता आलं. पण तेवढं दिसल्यावर तरी एका माणसाला झोपाळू ठरवणं बंद व्हायला हवं, असं मी धारगळला बॉक्स बदलायला गेले तेव्हा बाबलशेटना सांगितलं.

“बरें तर, रावूं दे ताका कामार,” ते म्हणाले.

मारुती शेजारीच होते. “काम ऱ्हायलं, बरं झालं. पण शेट, गाडीवाल्यांम्होरं बोलला हुतासा. तितंच सांगा.”

“सांगतां रे, सांगतां.”

माझा धडा कोरडा आहे: सूचना आली नाही आणि सूचना पोचली नाही, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. नाहीतर जो माणूस जवळ उभा असतो त्याच्यावर दोष येतो.

धारगळच्या कामाच्या यादीत बाकी सगळ्यावर टिक आहे. इतर ग्राहकांचे बॉक्सही बदलून झाले. “बाबलशेट: सर्वांसमोर सांगणे” एवढंच उरलंय. ते मी फोनवर दर वेळी विचारते. परवाही विचारलं.

“आज गाडयो येवंकच ना, म्याडम,” ते म्हणाले. त्यांच्या मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा पीं-पीं आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.