एकाच पत्त्यावरचे चारशे चोर

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ससोबा म्हणतात. गॅस बंद केला तरी तीनदा बघणार, कुलूप लावलं की ओढून ओढून त्याचा जीव काढणार. असल्या माणसाच्या हाती हॉस्पिटलांच्या रक्ताच्या मागण्या जिथे येतात तो आमच्या रक्तपेढीचा सर्व्हर द्यावा, असं मीच साहेबांना सुचवलं होतं. भित्रा आहे, म्हणून नीट सांभाळेल! मी तिथेच टेक्निशियन, रक्ताच्या पिशव्या तपासून देणारी.

गेल्या महिन्यात शेजारच्या लॅबची वेबसाइट कुणीतरी फोडली, पेशंटची सगळी माहिती पळवली. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. ससोबाचं जेवणावरचं लक्षच उडालं. त्याने आमच्या सर्व्हरपुढे फायरवॉल बसवली. येणारी प्रत्येक मागणी ती तपासते आणि संशय आला तर दारातूनच परत पाठवते. या कामाची रीत त्यानेच मला सांगितलेली: पहिला आठवडा तिला नुसतं बघू द्यायचं, अडवू द्यायचं नाही. नेहमीचं कोण, परकं कोण, ते आधी कळू द्यायचं.

"पण ताई, आठवड्यात कुणी आत शिरलं तर?" म्हणत पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी अडवणं सुरू केलं. मीही त्याला थांबवलं नाही. चुकलंच माझं.

सोमवारी अकराच्या सुमारास तो खुशीत ओरडला, "ताई, तासाभरात चारशे हल्ले परतवले!"

"वा रे बहाद्दर," म्हणत मी फ्रीज उघडला. पिशव्या जशाच्या तशा. सोमवार म्हणजे ऑपरेशनचा वार, आणि मोठ्या हॉस्पिटलातून एकही मागणी नाही?

"अरे, हे चारशे चोर आले कुठून?"

"इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून. मिनिटाला वीसच्या वर मागण्या आल्या की बंदी, असा नियम लावलाय."

"पत्ता कुणाचा ते बघ आधी!"

त्याने बघितलं आणि पांढराफटक पडला. पत्ता त्याच मोठ्या हॉस्पिटलचा; तिथले सगळे वॉर्ड एकाच इंटरनेट लाइनवरून येतात. सगळ्या नर्स मिळून फायरवॉलला एकच दरोडेखोर दिसल्या. पान उघडेना म्हणून बिचाऱ्या पुन्हा पुन्हा बटण दाबत होत्या, आणि तेवढी बंदी वाढत होती. फोनवर तोंडी मागणी घ्यायची नाही, हा तर आमचाच नियम.

घाईघाईत त्याचा पासवर्ड दोनदा चुकला. अखेर बंदी उठली आणि लगेच मागणी आली. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह, अतितातडीचं. डॉक्टरांनी लिहिलेली वेळ दहा वाजून बारा मिनिटं. घड्याळात अकरा वाजून गेलेले.

मी पिशव्या घेऊन जिना धावत उतरले आणि ड्रायव्हरच्या हातात दिल्या. वर आले तर ससोबा खुर्चीत आकसून बसलेला.

"ताई, ती गेली असेल तर?"

मी फोन जवळ ओढून त्याच्याशेजारी बसले. खाली गाडीचं दार वाजलं तरी आम्ही दोघं दचकत होतो.

पाऊण तासाने वॉर्डच्या सिस्टरचा फोन आला. "वाचली हो बाई, अगदी काठावरून परत आली. पण तुमचा सर्व्हर बंद पडला होता का?"

मी "हो" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, भाऊ आहे माझा. तेवढ्यात त्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"नाही सिस्टर," तो म्हणाला, "सर्व्हर चालू होता. तुम्हाला मी अडवलं होतं."