आजी नाव घेत नाही

डॉक्टरांनी आजीला पहिला प्रश्न विचारला, आज वार कोणता. आजीनं त्यांच्या मागच्या भिंतीकडं बोट केलं. "कॅलेंडर तुमच्याच डोक्यावर टांगलंय. वाचता येत न्हाई का?" दुसरा प्रश्न, देशाचा कारभार सध्या कोण पाहतं. "पाह्यतं का कोणी?" आजीनं उलट विचारलं. मला हसू आवरेना. पुढचा प्रश्न आला, "आजी, मालकाचं नाव काय तुमच्या?"

इथं आजीनं पदर डोक्यावर ओढला, मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या रिक्षा मोजायला बसली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, म्हातारी माणसं सगळी बहिरी असतात या समजुतीनं. आजीची मान आणखी फिरली. शेवटी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं दुःखी चेहरा करून म्हणाले, "मिस्टरांचं नावही आठवत नाही त्यांना."

मिस्टर, म्हणजे माझे आजोबा, बाजूच्याच खुर्चीत बसले होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते एकदम उखडले. "आठवत न्हाई कसं? आठवून राह्यलंय म्हणूनच तर सांगून न्हाई राह्यली!"

डॉक्टर तरुण होते, मोठ्या शहरात शिकलेले. त्यांना ओ की ठो कळलं नाही. त्यांनी आबांनाही तपासून घ्या असं मला हळूच सुचवलं.

तर गोष्ट अशी, की माझ्या आजीनं उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या पिढीच्या बाया घेत नसत, पण आजीनं त्या बाबतीत अगदी टोक गाठलं होतं. आबांचं नाव देवाचं आहे. त्यामुळं आरतीत ती ओळ आली की आजी जोरजोरात घंटा बडवायची. आमच्या गावी, हसनाबादेत, त्या देवाचं देऊळ आहे, त्याला ती 'ते वरलं देऊळ' म्हणायची. गावात त्याच नावाचा एक सुतार होता, तो जन्मभर 'ह्यांच्या नावाचा' राहिला. लग्नात तरी उखाण्यात घेतलं असेल, असं मी एकदा आबांना म्हणालो. "घेतलं म्हणतेत," आबा म्हणाले, "पण ताशे वाजून राह्यले होते. मला काही ऐकू आलं न्हाई." त्या आवाजात हुरहूर होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आबाही काही कमी नव्हते. त्यांनीही तिला कधी नावानं हाक मारली नाही. शेतातून आले की उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरायचे. आधी एक खालच्या पट्टीतलं, मग एक वरच्या पट्टीतलं, आणि शेवटी घसा साफ केल्याचा असा आवाज, की गोठ्यातली गाय मान वर करायची. बायाबापड्यांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून जुनी गडीमाणसं अशी खाकरत घरात यायची. तो आवाज आला की आजी पदर घ्यायची आणि ताट वाढायची. यापलीकडं त्या दोघांमध्ये काही संभाषण व्हायचं की नाही, मला शंका आहे. तरी चार लेकरं झाली.

आजार खरा होता, त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. आजी चहात मीठ घालायची, चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायची आणि मेलेल्या बहिणीला निरोप पाठवायची. दवाखाना जवळ पडावा म्हणून मी दोघांना जुन्या जालन्यात माझ्या घरी आणलं. घर म्हणजे कापडाच्या दुकानांच्या मागच्या बोळात तळमजल्यावर तीन खोल्या. तिथं मी, बायको आणि ही दोघं. आबांना जायला ना शेत ना पार. दिवसभर आजीसमोर पलंगावर बसून राहायचे. बाहेर जाणंच नाही, तर खाकरत आत येणं कुठून असणार!

त्या कागदावरचं वाक्य मात्र आबांच्या जिव्हारी लागलं होतं. रोज दुपारी जेवणाआधी ते आजीची परीक्षा घ्यायचे. "सांग, माझं नाव काय?"

आजी पदर ओढायची. "चला तिकडं! या वयात लाज न्हाई का बिलकुल?"

झालं. आबा जग जिंकल्यासारखे स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्या बायकोला सांगायचे, "न्हाई सांगितलं!" ती म्हणायची, "मंग बराबर हाय." जगात बाकी सगळीकडं उत्तर दिलं तर पास करतात. आमच्याकडं नापास होण्यासाठी उत्तर द्यावं लागत होतं. बाकी तिला काही आठवो न आठवो, आबांचं सगळं त्या एका न दिलेल्या उत्तरावर अडकलं होतं. ती लाजते आहे तोवर ती आपली बायको आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मी त्या काळात वेगळ्याच भीतीत होतो. आजीचं नाक माझ्यात आलंय, पित्त आलंय, चिडकेपणा आलाय, मग हे का येणार नाही? मी शाळेत शिकवतो. एकदा वर्गात 'परावलंबी' हा शब्दच आठवेना, आणि मी घाबरून डोकं तल्लख ठेवण्याच्या मागं लागलो. सकाळी भिजवलेले अक्रोड. मग सुडोकू. कुणीतरी सांगितलं, डाव्या हातानं दात घासल्यानं मेंदू तरतरीत होतो. पेस्ट लागून माझ्या मिशाच तेवढ्या तरतरीत झाल्या. मेंदूला व्यायाम म्हणून शाळेतून रोज वेगळ्या रस्त्यानं घरी यायला लागलो आणि एकदा भाजी आणायचीच विसरलो, कारण त्या रस्त्याला भाजीबाजारच नव्हता.

आबा हे सगळं पलंगावरून बघायचे. एकदा मी सुडोकूत अडकलो होतो. त्यांनी विचारलं, "अडीचकी येती का?" अडीचचा पाढा मला कुठून येणार! आबांनी तो घडाघडा म्हणून दाखवला, वर पाऊणकीही म्हणाले आणि माझ्या अक्रोडांतले दोन उचलून तोंडात टाकले.

बायकोचं मत वेगळंच होतं. ती मला नावानंच हाक मारते, रागावली की आडनावानं. ती म्हणाली, "तू कशाला घाबरतो? तुला तर आत्ताच काही लक्षात राह्यत न्हाई. फरक कळणार कसा?"

उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटून मी घरी आलो त्या दिवसाची गोष्ट. बायकोनं ज्वारीच्या भाकरी आणि वांगं केलं होतं. आजीची एक सवय मात्र शाबूत होती. आबांचं ताट तीच वाढायची आणि दुसऱ्या ताटानं झाकून ठेवायची. तसं ते झाकलेलं ताट तिच्यापुढं होतं. आबा समोर बसले होते, हात धुऊन, परीक्षा घ्यायला तयार. "सांग, माझं नाव काय?"

आजीनं पदर ओढला नाही. तिनं आबांकडं नीट निरखून पाहिलं, बाजारात अनोळखी माणसाकडं बघावं तसं. "तुम्ही कोण्या गावचे?" तिनं विचारलं. मग फार काळजीनं म्हणाली, "आमचे अजून आले न्हाईत जेवायला. तुम्हाला दिसले का कुठं?" आणि समोरच्या परक्या माणसाला शोधायला सोपं जावं म्हणून तिनं नाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. स्वच्छ, न अडखळता.

"आठवलं! आजी, तुम्हाला आठवलं!" बायकोनं टाळ्याच वाजवल्या. मीही खुळ्यासारखा हसलो. आता ते डॉक्टर आणि तो कागद समोर हवे होते, असं वाटलं. मग माझं आबांकडं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ताशांमुळं जे ऐकायचं राहिलं होतं ते आज त्यांना ऐकू आलं होतं, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. बायकोचे हात तसेच राहिले.

आबा म्हणाले, "येतीन ते. तवर मला तर वाढ."

"त्यांच्या आधी?" आजीनं ताट स्वतःकडं ओढलं. "असं कसं वाढू तुम्हाला? पाणी प्या. बसा सावलीला."

तिनं तांब्या पुढं केला. आबा पाणी प्यायले. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी घाबरून मागं धावलो. ते बोळाच्या तोंडाशी जाऊन विजेच्या खांबाला टेकून उभे होते. हातगाडीवरून कापडाचे गठ्ठे चालले होते, तो गाडीवाला ओरडत होता, "चाचा, जरा बाजू!" आबा सरकले.

"आबा, चला घरात. ऊन लागंन," मी म्हणालो.

"थांब ना जरासं. शेतातून यायला येळ लागतो का न्हाई?"

मला काही कळलं नाही. उन्हानं यांचंही डोकं फिरलं, असंच वाटलं. मग ते परत फिरले, सावकाश चालत दारापर्यंत आले, उंबऱ्याबाहेर थांबले आणि खाकरले. एक खालच्या पट्टीत. एक वरच्या. मग घसा असा साफ केला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं.

आत बांगड्या वाजल्या. आजीनं पदर डोक्यावर घेतला होता आणि नजर खाली घातली होती. "आले का," ती म्हणाली. "केव्हाची थांबले मी." तिनं वरचं ताट काढलं, भाकरी पुढं सरकवली.

आबा मान खाली घालून जेवू लागले. आजी वारा घालत होती. मध्येच तिनं हळू आवाजात सांगितलं, "एक म्हातारं आल्तं तुम्हाला शोधत. उपाशीच गेलं बिचारं."

"जेवलं असंन कुठं तरी," आबा म्हणाले.

तेव्हापासून आबा रोज दोन्ही वेळा टोपी घालून खांबापर्यंत जातात आणि खाकरत घरी येतात. नाव काय, हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. कधी एका खाकरण्यात काम होतं, कधी तिघं-चौघं वळून बघेपर्यंत खाकरावं लागतं. कापडवाले विचारतात, आजोबांना दमा आहे का. बायको एकदा मला म्हणाली, "तुझं काय? तू तर चोरासारखा घरात येतो. उद्या मला काही झालं तर मी तुला कशावरून ओळखू?" मी हसण्यावारी नेलं. पण हल्ली घरासमोर स्कूटर लावताना हॉर्न दोनदा वाजवतो. अक्रोडही चालू आहेत.

मागच्या थंडीत मी त्याच डॉक्टरांकडं आजीचं औषध आणायला गेलो होतो. आबांना फार खोकला आहे असं बोळातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी आपणहून एक चांगलं औषध लिहून दिलं. घरी आल्यावर मी बाटली उघडली आणि चमचा आबांपुढं धरला. त्यांनी वास घेतला.

"कशाचं हाय हे?"

"घशाचं. दोन दिवसात खाकरणं बंद होईल म्हणाले."

आबांनी माझा हात बाजूला केला. टोपी शोधायला उठले, कारण जेवणाची वेळ झाली होती. दारातून मागं वळून म्हणाले, "येड्या, मंग ही मला वाढणार कशी?"

बायकोनं झाकण लावून बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. ती अजून तिथंच आहे.