मागचा माणूस

मुकादमांशी कुणाची नव्याने ओळख करून दिली, की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. चेहरा नंतर. चपलेची टाच कुठल्या बाजूला झिजली आहे, उभं राहताना माणूस भार कुठल्या पायावर टाकतो, हे पाहून झालं की मग वर बघून "नमस्कार" म्हणत. नौपाड्यातल्या बायकांना त्यांचं हे मान खाली घालून उभं राहणं फार सभ्य वाटे. आत माणसाचं मोजमाप चाललंय, हे आम्हा डोंगरवाल्यांनाच ठाऊक.

खरं तर ते मुकादम नव्हतेच. ठाण्याच्या एका कचेरीत ते आवक-जावक कारकून होते आणि मी तिथेच हंगामी उमेदवार. पण रविवारी दहा-बाराजणांना डोंगरावर नेताना ते आम्हाला असे हाकत, की खडी फोडणाऱ्या टोळीचा मुकादम परवडला. नाव पडलं ते पडलंच. पुढे पुढे त्यांच्या घरी गेलं तर वहिनीसुद्धा "मुकादम बाहेर गेलेत, बसा" असं सांगू लागल्या.

त्यांच्या लेखी जगात तीनच तऱ्हेची माणसं होती : येऊर, मलंग आणि माहुली. येऊर म्हणजे झाडीतली रमतगमत वाट. मलंग म्हणजे मलंगगडाच्या माचीपर्यंतची चढण. आणि माहुली म्हणजे आसनगावला उतरून दिवसभराचा घाम, घसाऱ्याची वाट आणि वरच्या अंगाला कातळातली घळ. कोण कुठला, हे ठरवायची त्यांची रीत होती. पाण्याने भरलेली कळशी खांद्यावर घेऊन त्यांच्या चाळीचे दोन जिने न थांबता चढायचे आणि वर पोचल्या पोचल्या सतराचा पाढा म्हणायचा. पाढ्यात श्वास तुटला तर येऊर. पाढा पुरा झाला पण पाणी हिंदकळून सांडलं, तरीही येऊर. "दम आहे, तोल नाही," असा निकाल. ते पाणी वहिनींच्या पिंपात जाई. डोंगराच्या नादाचा तेवढा एक फायदा मला आहे, असं त्या म्हणत.

निकालापुढे अपील नव्हतं. एक जाडगेले कंपाउंडर येऊरमध्ये पडले तेव्हा फार रागावले. "अहो, लहानपणी मी खाडी पोहून जायचो!" मुकादम शांतपणे म्हणाले, "मग खाडीवर जा. डोंगर तुमच्या लहानपणी येणार नाही." कंपाउंडर आठ महिने येऊरला आले आणि नवव्या महिन्यात मलंगच्या माचीवर बसून त्यांनी आम्हाला लाडू वाटले. लायकी नसलेल्याला मुकादम डोंगर दाखवत नसत, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. ते प्रत्येकाला त्याचा डोंगर देत आणि पुढचा कधी मिळेल तेही सांगत.

चालायचा क्रमही त्यांचा उलटा. सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात पुढे. त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचं. निघताना मुकादम त्याला हमखास सांगत, "सावकाश चला. आम्ही आहोत मागे." आणि सगळ्यात शेवटी टोळीतला सगळ्यात भरवशाचा. दोर आणि शिट्टी त्याच्याकडे. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढा एकच नियम. दोन वर्षांनी एका रविवारी त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "अरे, आजपासून तू मागचा." कचेरीत मला कुणी धड नावाने हाक मारत नव्हतं त्या दिवसांत. मी ती शिट्टी घालूनच जेवायला बसलो होतो, हे सांगायला आज लाज वाटत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट पुढची आहे.

आमच्या कचेरीत नवे साहेब आले. त्यांना माहुलीला यायचं होतं. बूटही नवे कोरे घेतले होते. मुकादमांनी भर कचेरीत बुटांकडे पाहिलं, साहेबांच्या उभं राहण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, या रविवारी येऊर. माहुली पुढच्या वर्षी बघू." कळशीची गोष्ट त्यांनी काढली नाही, हीच त्यांनी साहेबांना दिलेली सवलत. साहेब हसले. संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं. "तुला वाट ठाऊक आहे ना? तू ने मला. आणि हो, तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

घरात मी एकटा मिळवता. आई, दोन बहिणी. हे कारण मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे, की आता ते मलाच पुळचट वाटतं.

रविवारी आम्ही दोघंच निघालो. आसनगावच्या स्टेशनात कळव्याच्या मिठागरातला पांडू भेटला. तो आमच्याच टोळीतला, माहुलीवाला, बहिणीकडे चालला होता. साहेबांकडे बघून त्याने मला बाजूला घेतलं. "यो सायेब नाय जमनार र. मुकादमाला इचारलंस का?" मी म्हटलं, विचारलंय. खोटं बोलायला तिथून सुरुवात झाली.

चढताना साहेब निभावले. उतरताना घळीच्या तोंडाशी त्यांचे पाय थरथरायला लागले. ते म्हणाले, जरा बसतो, तू पुढे जाऊन बघ वाट बरोबर आहे का. वाट मला पाठ होती. पण साहेबांनी सांगितलं म्हणून मी गेलो. मागच्या माणसाने मागे माणूस ठेवला. वरून दगड गडगडल्याचा आवाज आला आणि मग साहेबांची किंकाळी. साहेब घसरले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. पायथ्याच्या वाडीतल्या लोकांनी त्यांना झोळीत घालून खाली आणलं.

चौकशीला वरचे अधिकारी आले. साहेबांनी अंथरुणातून लिहून दिलं, की सहल मुकादमांनी ठरवली आणि वाटाड्याही त्यांनीच दिला. त्या कागदाखाली माझी साक्ष हवी होती. मी सही केली. मग मुकादमांना विचारलं. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, बराच वेळ बघत राहिले. "डोंगर मी निवडला नव्हता," ते म्हणाले, "पण माणूस मी निवडला होता. चूक माझीच." आणखी एक शब्द बोलले असते तर माझी नोकरी गेली असती.

त्यांची जव्हारला बदली झाली. महिन्याभरात मी कायम झालो. त्यांचं सामान हलवायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, कायम झालात म्हणे. बरं झालं." त्यांना किती ठाऊक होतं, मला आजवर कळलेलं नाही. पांडू मात्र जिन्यात थुंकून म्हणाला, "झाली ना सही? आता बस खुर्चीवं." टोळी मोडली. दोर माझ्याकडेच राहिला होता. तो आईने कपडे वाळत घालायला बांधला.

चार वर्षांनी मुकादम निवृत्त होऊन नौपाड्यात परतले आणि रविवार पुन्हा सुरू झाले, असं ऐकलं. मी धीर करून गेलो. कळशी दाराशी होती. मी न सांगता ती भरून आणली, दोन्ही जिने चढलो, थेंब सांडला नाही, सतराचा पाढा एका दमात म्हटला. मुकादम थकले होते, केस पांढरे झाले होते. "दम आहे. तोलही आहे," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मिटलं.

येऊरच्या पायथ्याशी त्यांनी रांग लावली. नवी पोरं होती, एक म्हातारे पेन्शनर होते, दम्याने धापा टाकणारे एक शिंपी होते. मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो. मुकादमांनी नवी शिट्टी पांडूच्या गळ्यात घातली. मग माझ्याजवळ आले. "तुम्ही पुढे व्हा," म्हणाले. जन्मात त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

मी पेन्शनरांना ओलांडून, शिंप्याला ओलांडून सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. नव्या पोरांना तो मान वाटला. त्यातला एकजण कौतुकाने म्हणालासुद्धा, "दादा आज आपले पुढारी!" पांडूने तोंड फिरवलं. मी पहिलं पाऊल टाकलं, तेवढ्यात मागून मुकादमांचा आवाज आला, प्रत्येक कच्च्या माणसासाठी काढत तसाच मऊ.

"सावकाश चला. आम्ही आहोत मागे."